एका टोपलीचा नवस

भिवखेड्याच्या तलावाची पाळ, म्हणजे हा मातीचा बांध, गरजेपेक्षा जास्त रुंद आहे. तुम्ही सारस बघायला आलात, म्हणून तुमचं लक्ष पाण्याकडे. पण जरा पायाखाली बघा. दोन बैलगाड्या शेजारीशेजारी जातील एवढी ही रुंदी. आमच्या भागात गावागावाला जुने तलाव आहेत, पण एवढ्याशा पाण्याला एवढी थोरली पाळ दुसरीकडे कुठे नाही. मागे एक इंजिनियर साहेब मोजमाप घ्यायला आले होते. फीत गुंडाळत मला म्हणाले, "गहाणेजी, इतक्या मातीची इथे गरजच नव्हती. टाकली कोणी?"

मी म्हणालो, "साहेब, एकदम नाही टाकली. बसा, सांगतो."

तुम्हीही बसा. ऊन चढायला अजून वेळ आहे.

ही हकिकत मी माझ्या आत्याकडून ऐकली. रोवणीच्या दिवसांत आम्ही सगळे गुडघाभर चिखलात वाकून धान लावायचो आणि ती हात चालवता चालवता सांगायची. घाई करायची नाही. एक बांधी, म्हणजे धानाचा एक वाफा, संपली की तेवढ्यावरच थांबायची, पुढचं पुढच्या बांधीत. आता आत्या नाही, आणि रोवणीला बाहेरगावच्या टोळ्या येतात. त्यामुळे सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे.

तेव्हा इथे तलाव नव्हता. या दोन टेकड्या होत्या आणि मधून एक नाला वाहायचा. पावसाळ्यात फुगायचा, माघ लागला की कोरडा. गोंड राजांचा अंमल होता. जो तलाव बांधील, त्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन त्याची, असा राजाचा शब्द होता म्हणे. आम्ही कोहळी, तलाव बांधणं हे आमच्या जातीचं पिढीजात काम. त्या आशेवर बारा घरं इथे येऊन राहिली. त्यात एक डोमा होता. त्याची बायको भागरथा, सात वर्षांची मुलगी पारबता आणि कडेवरचा मुलगा कवडू. पारबतानंतरची दोन मुलं जगली नाहीत, म्हणून हा तरी टिकावा यासाठी त्याला जणू कवडी देऊन विकत घेतलं आणि तसंच नाव ठेवलं.

पाळीसाठी पहिली कुदळ डोमाने मारली. तो काही पुढारी नव्हता. सकाळी लवकर उठायचा, इतकंच. बाकीचे येईपर्यंत त्याची चार हात माती खणून झालेली असायची. हेच पुढे त्याच्या अंगाशी आलं.

पाळ उभी राहिली आणि पहिल्याच पावसाळ्यात मधोमध फुटली, जिथे जुन्या नाल्याचं पात्र होतं तिथे. पुन्हा बांधली, पुन्हा तिथेच फुटली. तिसऱ्या वर्षी फुटली तेव्हा खालचं सगळं धान वाहून गेलं, एका घराची बैलजोडी गेली. लोक खचले. तीन वर्षं राबून हातात काही नाही, आणि घरात बियाण्यापुरतंही धान उरलेलं नाही.

अशा वेळी परगावचा एक जाणता आला. फुटलेल्या जागी उभा राहून त्याने डोळे मिटले आणि सांगितलं, की हे पाणी भुकेलं आहे. त्याला जीव दिल्याशिवाय पाळ टिकणार नाही. ज्याने पहिली कुदळ मारली, त्याच्या घरची पहिली लेक पाण्याला हवी.

पिंपळाखाली बैठक बसली. गावचा पाटील उरकुडा. तो वाईट माणूस नव्हता असं सांगतात. बारा घरांची पोटं त्याच्या डोळ्यांसमोर होती. पण होकाराचा पहिला हात त्याने वर केला. मग एकेक करून दहा हात वर गेले. बारावा डोमाचा. तो वर गेला नाही.

घरी आल्यावर भागरथाने विचारलं, "अजी, तुम्ही तिथं काही बोलले काहून नाही?"

"काय बोलू? भांडलो तर आपल्याले हाकलतील. ह्या दोघांले घेऊन जाऊ कुठं? अन गप बसलो तर..."

पारबता कोपऱ्यात बसून सुपातले खडे वेचत होती. तिने ऐकलं की नाही, तेव्हा कोणाला कळलं नाही.

सकाळी भागरथाने पेज वाढली. डोमाने हात धुतले, पानाशी बसला आणि तसाच उठला. "ठेव झाकून," म्हणाला. भिंतीशी बांबूची टोपली होती, ती घेतली. तलावाच्या पोटातली काळी माती खणून टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि फुटलेल्या खिंडारात जाऊन उभा राहिला. त्याला पाहून लोक जमा झाले. पाटीलही आला.

डोमा कोणाशी बोलला नाही. नाल्यात तळाशी थोडं पाणी राहिलं होतं, त्याच्याशी बोलला.

"माय, तू एकदा एक जीव घेशील. मग? पुढच्या साली पुन्हा भूक लागंल, तवा कोणाची लेक मागशील? त्यापेक्षा माझं ऐक. मी तुले रोज देतो. रोज एक टोपली माती. तुले दिल्याशिवाय मी तोंडात घास घालणार नाही. मी मेलो का माझे लेकरं देतील. हा माझा सगळा जन्म तुले दिला, पण एका दिवसात नको घेऊ. रोज थोडा थोडा घे."

आणि त्याने टोपली उपडी केली, पायाने माती दाबली.

उरकुडा पाटील म्हणाला, "डोमा, पाणी काय ऐकते?"

"ऐकते का नाही ऐकत, ते पावसाळ्यात समजंल जी."

पाटलाने एकदा पाण्याकडे, एकदा डोमाकडे पाहिलं. शेवटी पाटलाने एका पावसाळ्याची मुदत दिली. पाळ टिकली तर ठीक. फुटली तर डोमाने आडवं यायचं नाही.

माझी आत्या इथे हात थांबवायची. चिखलातून कंबर सरळ करून तलावाकडे बघायची आणि मग म्हणायची, "अरे, बापाचे काय हाल झाले असतील त्या चार महिन्यांत." तिला स्वतःला लेक नव्हती.

पाळ पुन्हा बांधली. गाव आपल्या वाटचं काम करून घरी जायचं, पण डोमाची टोपली वेगळी. ती सकाळची, न खाता. पाऊस सुरू झाला तरी खंड नाही. आता चमत्कार म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. मी जे ऐकलं ते सांगतो. डोमा रोज गेला, म्हणून त्याला रोज दिसलं. आज खेकड्याने बीळ केलं, आज उंदराने पोखरलं, आज या बाजूला माती ओली वाटते, कालपर्यंत कोरडी होती. जिथे दिसलं तिथे त्या दिवशीची टोपली. श्रावणात सलग झड लागली. पाणी पाळीच्या काठाला आलं, वीतभर खाली राहिलं आणि तिथेच थांबलं.

पाळ टिकली. त्या दसऱ्याला लोक पारबताला खांद्यावर घेऊन नाचले म्हणे. तेच लोक.

नवीन धान घरात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोमा टोपली घेऊन निघाला, तेव्हा पाटलाने वाटेत अडवलं. "आता कायले जातं बाबा? टिकली ना पाळ."

डोमा म्हणाला, "एका पावसाळ्याची बोली तुमच्याशी होती, पाटीलजी. तिच्याशी जन्माची आहे."

पुढची वर्षं सांगण्यासारखी काही नाहीत, असं आत्या म्हणायची, आणि मग त्याच वर्षांबद्दल सगळ्यात जास्त सांगायची. ताप आला तर डोमा काठी टेकत जायचा, टोपली अर्धी भरायचा, पण जायचा. सासुरवाडीला लग्न असलं तर पहाटे माती टाकूनच निघायचा. मुक्काम पडला तर दुसऱ्या दिवशी उपाशी चार कोस चालत यायचा आणि पाळीवर जाऊन मगच घरी जेवायचा. सासू रागावायची, मेहुणे हसायचे. घरात कधी देवाधर्माच्या गोष्टी सांगत बसला नाही. मुलांना 'तुम्ही पण जा' असंही म्हणाला नाही. फक्त तो येईपर्यंत भागरथाही जेवायची नाही, आणि दाराशी टोपली टेकल्याचा आवाज आला की चुलीवरचं भांडं उतरायचं. पोरांच्या दिवसाची सुरुवात त्या आवाजाने व्हायची.

पारबता आपोआप बापामागे जाऊ लागली. तिने आपल्यासाठी लहानशी टोपली विणून मागितली. कवडूला मात्र त्याची लाज वाटायची. गावातली पोरं त्याला 'टोपल्याचा पोरगा' म्हणून चिडवायची. त्याच्या मनात बसलं, की बाप साधाभोळा आहे, एकदा बोलून बसला आणि आता सोडता येत नाही.

कवडू पंधरा-सोळा वर्षांचा असताना डोमाच्या पायावर लाकूड पडलं. पारबता तेव्हा आजोळी गेली होती. पाय सुजून भोपळ्यासारखा झाला. सकाळी डोमा म्हणाला, "बापू, आजच्या दिवस तू टाकशील का?"

कवडू टोपली घेऊन निघाला. पण वाटेत आंब्याखाली मित्र भेटले, त्यांच्याजवळ भाकर होती, ती खाल्ली. थोडा वेळ बसला आणि रिकामी टोपली घेऊन परत आला. "टाकली," म्हणाला.

डोमाने पोराच्या पायांकडे पाहिलं. पाय स्वच्छ होते. पावसाळ्याच्या दिवसांत तलावाच्या पोटात उतरून आलेल्या माणसाचे पाय स्वच्छ राहत नाहीत. डोमा भिंतीला धरून उठला, टोपली घेतली आणि एका पायावर लंगडत बाहेर पडला.

कवडूला वाटलं, आता परत येऊन बाप मारेल. तो वाट बघत बसला. सकाळची दुपार झाली. भागरथा चुलीशी बसून होती, तिच्यापुढे झाकलेलं भांडं तसंच होतं.

"माय, तू जेवून घे ना," कवडू म्हणाला.

"तुझा बाप येऊ दे."

"लय वेळ लागंल त्याले."

"लागू दे. एका पायाचा माणूस आहे तो आज."

डोमा आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाय चिखलाने भरलेले, सुजलेल्या पायावर ओरखडे. त्याने टोपली टेकवली. भागरथाने भांडं उतरवलं, दोन पानं वाढली, मग तिसरं वाढलं आणि कवडूला हाक मारली. तिघे जेवले. डोमा म्हणाला, "उत्तरेच्या अंगाला घुशीने पोखरलं आहे. उद्या तिकडं टाकू." बस, एवढंच. 'टाकू' म्हणाला. दुसऱ्या दिवशी कवडू बापाच्या आधी उठून दाराशी उभा होता, आणि त्यानंतर त्याला कधी विचारावं लागलं नाही.

पारबताचं लग्न ठरलं ते तलावाच्या खालच्या अंगाला असलेल्या गावात. निघायच्या दिवशी वऱ्हाड खोळंबलं होतं. ती नव्या लुगड्याचा पदर खोचून पाळीखाली उतरली, पदरात माती घेतली आणि वर आणून टाकली. डोमा मागे उभा होता.

"आता तुझं घर दुसरं, बाई. तू या बोलीतून सुटली," तो म्हणाला.

पारबता म्हणाली, "बाबा, त्या दिवशी सुपातले खडे वेचत होती ना मी, तवा सगळं ऐकलं होतं."

डोमाने नुसता तिच्या पदराचा चिखल झटकला. आमच्या गावची नवरी पाळीवर माती टाकल्याशिवाय सासरी जात नाही, ती रीत तिथून पडली.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी, भादव्यात, डोमा गेला. आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. पहाटे त्याने पाणी मागितलं, भागरथाने पाजलं, आणि उजाडताना प्राण गेला. चांगला माणूस होता, सगळ्या पंचक्रोशीत माहीत होता. पावसातही आसपासच्या पाच-सहा गावांचे लोक जमले. पारबता छातीभर पाण्याचा नाला ओलांडून आली, मुलांना सासूजवळ ठेवून.

सगळं तयार झालं. बाहेर पाऊस जरा कमी होण्याची लोक वाट बघत होते. तेवढ्यात कवडू बापाच्या उशापासून उठला आणि भिंतीशी ठेवलेली टोपली उचलली.

लोकांनी हटकलं. "अरे, बाप घरात पडला आहे अन तू चालला कुठं? आज घरात चूल नाही पेटणार. खाणं नाही, मग माती कायची?"

भागरथा नवऱ्याच्या पायाशी बसली होती. तिने मान वर केली. "जाऊ द्या त्याले," ती म्हणाली. "त्याचा बाप आता तिथंच भेटंल त्याले."

कवडू गेला. पाळीच्या मधोमध, जुन्या खिंडाराच्या जागी, खालच्या बाजूने गढूळ पाण्याची धार लागली होती. मनगटाएवढी. त्याच्या डोळ्यांदेखत ती दंडाएवढी झाली. त्याने टोपली तिथे उपडी केली, ती माती पाण्याने लगेच खाल्ली. पाळीच्या त्या बाजूला पारबताचं गाव होतं, तिची तीन लेकरं होती. कवडू पाळीवर उभा राहून जिवाच्या आकांताने ओरडला.

डोमाच्या अंगणात त्या वेळी दोन-अडीचशे माणसं उभी होती. एरवी भर पावसात, शेतीच्या दिवसांत, भिवखेड्यात वीस माणसं हाताशी मिळाली नसती. ते सगळे धावले. घराघरातून टोपल्या आल्या, सुपं आली, घमेली आली. तलावाच्या वरच्या टेकडीपासून खिंडारापर्यंत माणसांची रांग लागली. बायकांनी पदरात माती भरली. कवडू धारेत उतरून उभा राहिला आणि पारबता वरून त्याच्या हातात माती देत होती. अंगणात डोमाजवळ एकटी भागरथा बसून राहिली.

दुपार टळली तेव्हा धार बोटाएवढी झाली, मग थांबली. कोणी जल्लोष केला नाही. चिखलाने माखलेली माणसं तशीच डोमाच्या दारात परत आली आणि त्यांनी तिरडी उचलली. त्या वेळी पाऊस उघडला होता, असं सांगतात. त्याला पाळीच्या पायथ्याशीच अग्नी दिला.

दहाव्या दिवशी सकाळी कवडू आणि पारबता टोपल्या घेऊन पाळीवर गेले, तर त्यांच्या आधी तिथे कोणीतरी होतं. उरकुडा पाटील. सत्तरीचा म्हातारा. डोक्यावर अर्धी भरलेली टोपली, ती सांभाळताना मान थरथरत होती. पारबताला पाहून तो थांबला.

"पोरी," तो म्हणाला, "त्या दिवशी पिंपळाखाली पहिला हात माझा वर गेला होता."

"माहीत आहे मले," पारबता म्हणाली. "द्या ती टोपली इकडं. पडाल."

म्हाताऱ्याने टोपली दिली नाही. मग तिने एका बाजूने धरली, त्याने दुसऱ्या बाजूने, आणि दोघांनी मिळून ती माती टाकली. पाटलाच्या घरातली माणसं दुसऱ्या दिवशीपासून येऊ लागली. मग बाकीची दहा घरं. बोली एकट्या डोमाची होती, पण फेडायला गाव लागलं.

माझ्या लहानपणी सकाळी ही पाळ माणसांनी भरलेली असायची. माझी माय पुढे टोपली घेऊन, मागे मी तेलाचा रिकामा डबा घेऊन. उन्हाळ्यात मोहाच्या फुलांचा वास सुटलेला असायचा. गावच्या सगळ्या बातम्या इथेच कळायच्या. कोणाची गाय व्याली, कोणाचं लग्न जमलं. ज्यांचं भांडण झालं असेल त्यांनाही रोज इथे समोरासमोर यावं लागे, मग किती दिवस तोंड फिरवणार? माती टाकून घरी आलो की माय गरम भात वाढायची. त्या भातासारखा भात मी पुढे कुठे खाल्ला नाही. मायने मला 'चल' असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. ती निघायची, मी मागे जायचो.

आता खालच्या अंगाला दगड बसवले आहेत, जादा पाणी जायला सिमेंटचा सांडवा झाला आहे. इंजिनियर साहेब म्हणाले, मातीची गरज नाही. त्यांचं बरोबर असेल. पूर्वीसारखी गर्दीही राहिली नाही. घरातली निम्मी मुलं नागपूरला, पुण्याला. माझाही मुलगा तिकडेच आहे. तो तिथे सकाळी काय करतो, मी विचारत नाही.

पण आजही या गावात सकाळचा पहिला घास त्या टोपलीनंतरच. टोपलीच्या जागी कोणाची मूठ आली, कोणाचा डबा आला, एवढाच फरक.

ती बघा, पाळीवर सायकल थांबवून कोणी मूठभर माती घ्यायला खाली उतरली ना? त्या आमच्या शाळेतल्या नवीन बाई आहेत. दूर सोलापूरकडच्या. दोन वर्षांपूर्वी इथे नोकरीला आल्या. ही हकिकत त्यांना मी सांगितलेली नाही, दुसऱ्या कोणी सांगितली असेल असंही वाटत नाही. ज्या घरात त्या भाड्याने राहतात, तिथली म्हातारी चहा ठेवण्याआधी रोज पाळीवर जाऊन येते. बाईंनी तेवढंच पाहिलं आहे.